तळ्याचे पाणी हिरवे का झाले?

(गावकऱ्यांपुढे केलेले भाषण)

मंडळी, आयाबहिणींनो,

रानातली कामे टाकून तुम्ही आज इथे पारावर जमलात. आम्ही तुमचा फार वेळ घेणार नाही. एकच विषय बोलायचा आहे. आपल्या पिण्याच्या तळ्यात जे हिरवे शेवाळ येते, त्याचे काय करायचे?

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. आपल्याच हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावी आम्ही गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. नाव घेतले तर तिथल्या लोकांना उगीच अवघडल्यासारखे होईल. गावाला एक तलाव आहे. 1972 च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने जागोजागी पाझर तलाव बांधायला घेतले होते. त्यांपैकीच तो एक. तलावातले पाणी मोटारीने टाकीत चढवतात. टाकीतून ते घरोघरी नळाला जाते.

आम्ही गेलो तेव्हा पाणी हिरवेगार झाले होते. कोणी भिंतीला द्यायचा रंग तळ्यात ओतावा, तसे दिसत होते. नळाच्या पाण्याला कुबट वास येत होता. एक आजी म्हणाल्या, "बाबू, हंडा भरताना नाक दाबावं लागतं. लेकरं तर पाणी तोंडाला लावीनात."

आणि पंचायतीच्या खोलीत दोन पोती मोरचूद आणून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तळ्यात टाकायचे ठरले होते. सरपंचभाऊ म्हणाले, "संत्र्याच्या बागेत हेच वापरतात. त्यानं बुरशी मरते, तर शेवाळ बी मरंल की!"

मंडळी, भाऊंचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. मोरचुदाने शेवाळ खरोखर मरते. अमेरिकेत तर 1904 सालापासून पाण्याच्या तळ्यांत मोरचूद टाकत आले आहेत. तरी आम्ही भाऊंना म्हटलं, "एक रात्र थांबा. आज रात्री आम्ही एक गोष्ट सांगतो. ती ऐका, मग काय ते ठरवा." त्या रात्री जी गोष्ट सांगितली, तीच आता तुम्हाला सांगतो.

ऑस्ट्रेलिया नावाचा देश आहे. त्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पाम नावाचे बेट आहे. बेटावर तिथले मूळचे आदिवासी लोक राहतात. त्यांना एका धरणाचे पाणी नळाने मिळत असे. 1979 साली त्या धरणात शेवाळ फार माजले. पाण्याला वास येऊ लागला, लोक तक्रार करू लागले. मग धरणात मोरचूद टाकले. शेवाळ मेले. पण थोड्याच दिवसांत घरोघरची मुले आजारी पडू लागली. उलट्या, पोटात कळा, यकृताला सूज, मग रक्ताची हगवण. एकूण 148 माणसे आजारी पडली, आणि त्यांत बहुतेक लहान मुले होती. कितीतरी जणांना शिरेतून सलाईन द्यावे लागले. नशिबाने कोणी दगावले नाही. ज्यांच्या घरी दुसरे पाणी होते, त्यांना काही झाले नाही. कारण नीट उलगडायला पुढे कित्येक वर्षे गेली.

काय झालं होतं? त्या शेवाळाच्या पोटात विष होते. शेवाळ जिवंत होते तोवर बरेचसे विष त्याच्या पोटातच होते. मोरचुदाने शेवाळ मेले, फुटले, आणि सगळे विष एकदम पाण्यात सुटले. आधी पाणी हिरवे होते. लोक निदान बघून नाक मुरडत. आता पाणी स्वच्छ दिसू लागले आणि विष मात्र त्यात विरघळलेले!

गोष्ट संपली तेव्हा पारावर कोणी बोलेना. मग सरपंचभाऊच म्हणाले, "पोती राहू द्या खोलीत."

आता हे शेवाळ म्हणजे काय, ते पाहू. सगळे शेवाळ वाईट नसते. विहिरीच्या पायरीवर जे बुळबुळीत असते तेही शेवाळ, आणि ओढ्यात केसांसारखे लांब वाढते तेही शेवाळ. तळ्यात थोडे शेवाळ असायचेच. माशांची पिले त्यावर जगतात. पाण्याला किंचित हिरवट झाक आली, म्हणून घाबरायचे कारण नाही. पण एक जात निराळी आहे. तिला निळे-हिरवे शेवाळ म्हणतात. खरे तर ते शेवाळ नाहीच, ते जिवाणू आहेत. इतके बारीक की एकेकटा डोळ्याला दिसत नाही. त्यांच्या काही जाती विष तयार करतात, काही करत नाहीत. कोणती विषारी आणि कोणती नाही, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून सगळ्यांशीच जपून वागायचे.

लोणारचे सरोवर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आपल्या सेनगावकडून ते काही फार लांब नाही. त्याचे पाणी एरवी हिरवे दिसते, ते अशाच निळ्या-हिरव्या जिवाणूंमुळे. 2020 च्या जून महिन्यात तेच पाणी एकाएकी गुलाबी झाले. लोकांनी नाना तर्क केले. कोणी दैवी कोप म्हणाले, कोणी आणखी काही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. अति खाऱ्या पाण्यात वाढणारे दुसरे सूक्ष्म जीव माजले होते, आणि गुलाबी रंग त्यांचा होता. लोणारचे पाणी कोणी पीत नाही, तो भाग वेगळा. पण पाण्याचा रंग बदलला की त्यात कोणीतरी जिवंत वाढते आहे, एवढे त्यावरून ध्यानात येते.

आपल्या तळ्यात कोणते शेवाळ आहे, याची घरच्या घरी अटकळ बांधता येते. एक लांब काठी घ्या. पाण्यात फिरवून वर काढा. काठीला हिरवे धागे लोंबले, तर ते साधे शेवाळ. काठी रंगात बुडवल्यासारखी माखली, तर ते निळे-हिरवे असण्याचा संभव जास्त. दुसरी युक्ती बाटलीची. काचेची बाटली पाऊण भरा. हाताला जुने प्लॅस्टिक गुंडाळा, उघडा हात पाण्यात घालू नका. बाटली रात्रभर सावलीत न हलवता ठेवा. सकाळी हिरवे खाली बसलेले दिसले तर बहुधा साधे. वर तरंगून गळ्याशी हिरवे कडे धरले असेल, तर सावध व्हा. त्या जिवाणूंच्या पोटात हवेच्या बारीक पिशव्या असतात, म्हणून ते वर येतात. ही पक्की परीक्षा नव्हे. पक्की परीक्षा प्रयोगशाळेतच होते. पण रात्रीत एवढे कळले तरी सकाळी पंचायतीला कामाला लागता येते.

पाणी उकळले तर? आयाबहिणी हे हमखास विचारतात. उकळल्याने रोगजंतू मरतात, हे खरे. पण हे विष उकळून जात नाही. उलट पाणी आटले की विष दाट होते. ब्राझील देशात 1996 साली मूत्रपिंडाच्या एका दवाखान्यात अशा तळ्याचे पाणी नीट साफ न करता वापरले गेले. रोग्यांचे रक्त त्या पाण्याच्या मदतीने धुतात. त्यात 50 हून जास्त रोगी मरण पावले. प्यायलेल्या पाण्यापेक्षा ते फार भयंकर, कारण विष सरळ रक्तात गेले. आपल्याकडे तसे होईल असे आम्ही म्हणत नाही. पण हिरवा थर आलेले पाणी ढोरांनाही पाजू नका. तोंड लावून प्यायलेली गुरे आणि कुत्री दगावल्याची उदाहरणे अनेक देशांत आहेत.

आता मूळ प्रश्न. औषध टाकायचे नाही, तर शेवाळ जावे कसे?

शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पीक कशावर वाढते? ऊन, पाणी आणि खत. शेवाळाचेही तसेच. ऊन आपण झाकू शकत नाही. पाणी तर हवेच. राहता राहिले खत. शेवाळाला खत कोण घालतो?

कॅनडा देशात 1973 साली शास्त्रज्ञांनी एक मजेदार प्रयोग केला. डंबेलसारखे, मध्ये चिंचोळे असलेले एक तळे होते. त्या चिंचोळ्या जागी त्यांनी जाड पडदा लावला. आपण वावराच्या मधोमध बांध घालतो ना, तसा. दोन्ही बाजूंना त्यांनी साखर आणि नत्र टाकले. पण एका बाजूला स्फुरदही टाकले. काही आठवड्यांत स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली. दुसरी बाजू तशीच निवळ राहिली. विमानातून काढलेला त्याचा फोटो जगभर गाजला. पुष्कळ सरकारांनी तो पाहून कपडे धुण्याच्या पावडरीतल्या स्फुरदावर बंधने घातली.

स्फुरद तुम्हाला ठाऊक आहे. डीएपीच्या पोत्यात तोच असतो. 50 किलोच्या पोत्यात निव्वळ स्फुरद साधारण 10 किलो भरतो. जाणकारांचा हिशेब असा, की 1 किलो स्फुरदावर 500 किलोपर्यंत ओले शेवाळ वाढू शकते. म्हणजे एका पोत्यातला स्फुरद सगळा तळ्यात गेला, तर किती झालं? पाच टन! बैलगाड्याच मोजाव्या लागतील.

म्हणून त्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोरचूद सोडून दिले आणि गावकऱ्यांना घेऊन तळ्याला एक फेरी मारली. पंधरावीस माणसे होती. चार बाया होत्या. शाळेची पोरे न बोलावता आली होती.

सांडव्याजवळ उतारावर ढोरे बसली होती. तिथेच ती पाणी पितात, तिथेच धुतात. पोळ्याला तर सगळ्या गावचे बैल तिथेच. एक मोठे जनावर दिवसाला 10 किलोहून जास्त शेण टाकते. त्यातले किती पाण्यात, ते आम्ही विचारले. कोणी उत्तर दिले नाही, सगळे हसले.

पुढे धुण्याचे दगड. पावडरीचा फेस काठाला लागलेला. त्याच्या पुढे निर्माल्याचा ढीग, कुजलेली केळीची पाने, गौरी-गणपतीच्या वेळची माती. त्यानंतर एक ओघळ लागली. वरच्या सोयाबीनच्या आणि हळदीच्या वावरांचे पाणी तिथून उतरते. ओघळीच्या तोंडाशी खताची रिकामी पोती पडली होती. ती तळ्यात धुऊन नेतात म्हणे, घरी अंथरायला. एक म्हातारबाबा पुटपुटले, "पेरलं आपणच, अन् रडतो बी आपणच." ओघळीने वर गेलो तर परसाकडे बसण्याची जागा. घरी संडास बांधलेले आहेत, तरी काही लोक अजून तिकडेच जातात. त्याविषयी जास्त बोललो नाही. बायांपुढे माणसे आपणच माना खाली घालून उभी होती.

मग गाळपेर लागली. पाणी ओसरते तशी तळाची जमीन उघडी पडते. तिच्यात एकाने काकडी, टरबूज लावले होते. त्याला स्वतःची जमीन नाही. बाकीचे त्याच्यावरच तुटून पडले. "ह्यानंच युरिया टाकला, ह्यानंच पाणी नासवलं!" तो घाबरून म्हणाला, "साहेब, एवढीच पट्टी हाये मला. ही काढून घेतली तर लेकरांनी काय खावं?"

मंडळी, इथे आम्हाला थांबावे लागले. उपाय सांगणे सोपे असते. तो कोणाच्या पोटावर येतो, हे बघणे अवघड. आम्ही त्याच्याजवळ बसलो, माती हातात घेतली. तळ्याचा गाळ तो! वरच्या सगळ्या वावरांचे कसदार माणिक तिथे येऊन बसलेले. त्याला खताची गरजच काय? आम्ही म्हटलं, "दादा, खत टाकू नको, फवारा मारू नको. नुसतं पीक घे. आणि पहिल्या पावसाच्या आत वेल उपटून बाहेर ने, गाळात सोडू नको." असे केले तर त्याचे पीक गाळातला स्फुरद खाऊन बाहेर नेते. तळ्याचा शत्रू म्हणून ज्याला धरले होते, तोच मग तळे साफ करणारा होतो. त्याने ते मान्य केले. पुढच्या साली टरबूज जरा लहान निघाले, पण खताचा पैसा वाचला, असे त्यानेच सांगितले.

ढोरांचे काय? "मग बैल धुवावे कुठं?" हा प्रश्न रास्त होता. बांधाच्या खालच्या अंगाला हौद बांधायचा. पाणी तळ्यातूनच घ्यायचे, पण सांडलेले पाणी परत तळ्यात येता कामा नये. धुण्याचे दगडही तिकडेच हलवायचे. त्या गावात हौद बांधायला चार महिने लागले. जागेवरून दोन घरांचे भांडण झाले, ते मिटवण्यातच तीन गेले. हौद बांधून झाला मग आठ दिवसांत!

ओघळीच्या तोंडाशी गवताचा पट्टा राखला. आपल्याकडचे मारवेल, पवना ही गवते चांगली. ओलीला वाळा लावला तर त्याच्या मुळ्या खोल जातात. पावसाचे गढूळ पाणी गवतातून येताना संथ होते, माती खाली बसते, आणि मातीला चिकटलेला स्फुरद तिथेच अडतो. मात्र ते गवत कापून बाहेर न्यायला हवे. उभे कुजू दिले तर केले न केले सारखेच.

गाळाचे तर विचारूच नका. वर्षानुवर्षे साठलेला गाळ म्हणजे शेवाळाचा कोठार. वरून खत यायचे बंद केले तरी हा कोठार काही वर्षे पुरतो. उन्हाळ्यात तळाशी हवा कमी पडते, आणि गाळातला स्फुरद सुटून पाण्यात येतो. म्हणून तळे आटले की गाळ काढून वावरात टाकायचा. 2017 साली महाराष्ट्र सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली ती या कामाची आहे. गाळच तेवढा काढा. खालचा मुरूम खोदू नका आणि बांधाच्या पायाजवळ मशीन नेऊ नका. बांध गेला तर शेवाळही जाईल आणि तळेही.

पुष्कळजण विचारतात, मासे सोडले तर? चंदेरा नावाचा मासा, ज्याला सिल्व्हर कार्प म्हणतात, तो पाण्यातले बारीक शेवाळ खातो. पण निळ्या-हिरव्यातले काही त्याच्या पोटातून जिवंतच बाहेर येते. सायप्रिनस मासा तर तळाचा गाळ उकरतो, त्याने पाणी जास्तच हिरवे होते. आणि माशांचा ठेका दिला की ठेकेदार मासे वाढावे म्हणून शेण आणि खाद्य टाकतो. पिण्याच्या तळ्याचा ठेका द्यायचाच असेल, तर तळ्यात शेण, खत, खाद्य काही टाकणार नाही, हे कागदावर लिहून घ्या. आता तुम्हाला वाचता येते. सही करायच्या आधी कागद वाचा.

इंग्लंडात जवाचा पेंढा जाळीत बांधून तळ्यात सोडतात. तो हळूहळू कुजतो, आणि त्यातून निघणाऱ्या द्रव्यांनी नवे शेवाळ वाढायचे थांबते. काही तळ्यांत गुण येतो, काहींत येत नाही. आधीच माजलेले शेवाळ त्याने मरत नाही. हे ऐकून कोणी कडबा नाहीतर सोयाबीनचे भुसकट तळ्यात टाकू नका. ते सडेल, पाण्यातली हवा संपेल, आणि मासे उलटे पडतील. हॉलंडमध्ये एका खोल तळ्यात तळातून हवेचे बुडबुडे सोडून पाणी ढवळतात, त्यानेही शेवाळ कमी झाले. पण ते तळे 30 मीटर खोल आहे. आपली तळी उन्हाळ्यात दोन पुरुष खोल राहतात. ती ढवळली तर गाळच वर येईल.

ऊन झाकता येत नाही, असे आम्ही मघा म्हणालो. एका जागी झाकता येते, ती म्हणजे टाकी. अमेरिकेतल्या लॉस एंजलिस शहराने 2015 साली आपल्या तळ्यावर 9 कोटी 60 लाख काळे चेंडू सोडले होते, पाण्याला ऊन लागू नये म्हणून. आपल्याला एवढा खटाटोप नको. आपल्या टाकीचे झाकण तेवढे जागेवर हवे. त्या गावात आम्ही शिडीने टाकीवर चढलो, तर झाकण मोडून वर्ष झाले होते. आत भिंतीला बोटभर शेवाळ!

आता पाणी हिरवे झालेलेच आहे, उद्या सकाळी प्यायचे काय? हा खरा निकडीचा प्रश्न.

एक, मोटारीचा फुटबॉल, म्हणजे नळाचे खालचे तोंड, कुठे आहे ते बघा. हिरवा थर वर तरंगतो. अगदी तळाला गाळ आणि दुर्गंधी. म्हणून तोंड रिकाम्या पिंपाला बांधून पाण्याच्या दोन-तीन हात खाली लोंबते ठेवा. वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूने पाणी घ्या. वारा सगळा थर ढकलून समोरच्या काठाला नेतो. तिथे तो सकाळी जाड साचतो. तिथे लांब दांड्याच्या कापडी झोळीने तो उपसून खड्ड्यात पुरा. हातापायाला लागू देऊ नका, अंगाला खाज येते.

दुसरे, सरळ तळ्याचे पाणी न घेता काठच्या विहिरीचे घ्या. आपल्या वाडवडिलांनी तळ्याच्या खालच्या अंगाला विहिरी का खोदल्या? पाणी मुरमातून झिरपत येते आणि गाळून येते. त्या गावातही अशी एक विहीर होती. नळ आले तसे तिच्याकडे कोणी बघेना. तिच्यात झुडपे वाढली होती. पंधरा माणसांनी तीन दिवसांत ती उपसली. पाणी आले ते निवळ. ज्या आजींनी नाक दाबायची गोष्ट सांगितली, त्यांनीच पहिली घागर भरली. मात्र काळ्या मातीतून पाणी नीट झिरपत नाही. तिथे तळ्यापासून विहिरीपर्यंत चर खणून त्यात गिट्टी आणि वाळू भरावी लागते.

विहीर नसेल तर वाळूची गाळणी. ही काही नवी विद्या नाही. स्कॉटलंडात पेस्ली गावी 1804 साली अशी गाळणी झाली, आणि 1829 साली लंडन शहराला तिचे पाणी मिळू लागले. आपल्याकडे नागपूरच्या नीरी संस्थेने खेड्यांसाठी तिचा बराच अभ्यास केला आहे. हौदात कंबरभर बारीक वाळू, तिच्याखाली गिट्टी. पाणी तासाला वीतभराहून जास्त वेगाने उतरू द्यायचे नाही, अर्धी वीत उतरले तर उत्तम. वाळूच्या वर एक पातळ सायीसारखा थर धरतो. खरे गाळण्याचे काम तीच साय करते. माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरले, तर हजार वस्तीला 5 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद हौद पुरतो. असे दोन बांधावे. एक साफ करताना दुसरा चालू. पाणी तुंबू लागले की वरची बोटभर वाळू खरवडायची. नवी साय धरेपर्यंत काही दिवस त्या हौदाचे पाणी पिऊ नये. तळ्यावर जाड हिरवा थर असताना मात्र नुसत्या गाळणीवर विसंबू नका.

एक गोष्ट नीट ऐका, यात घोटाळा नको. तळ्यात औषध टाकू नका, असे आम्ही म्हणतो. टाकीत टीसीएल पावडर टाकू नका, असे आम्ही म्हणत नाही. ती रोगजंतू मारायला हवीच. ते जलसुरक्षकाचे काम आहे आणि ते रोज झाले पाहिजे. हिरव्या पाण्यात पावडर दुप्पट लागते आणि वास वाढतो. म्हणून आधी पाणी गाळून निवळ करा, मग पावडर. आणि पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत पाठवा. पाणी पिऊन कोणाला उलट्या, जुलाब झाले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आणि तळे हिरवे आहे हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

मोठ्या धरणांचे दुखणेही हेच आहे. सोलापूरला ज्या उजनी धरणाचे पाणी मिळते, ते पाणी अनेक उन्हाळ्यांत हिरवे झालेले लोकांनी पाहिले. वरच्या शहरांचे सांडपाणी नदीने तिथे येते. उजनी काठच्या शेतकऱ्याने कितीही जपले, तरी शहराचे गटार तो कसे अडवणार? आपल्या सिद्धेश्वर धरणातून हिंगोली शहर पाणी पिते. त्याच्या काठी गावे आहेत, गाळपेर आहे. आज जपले तर जपता येईल. तुमचे तळे तर सगळेच तुमच्या शिवारात आहे. वर कोणते शहर नाही. म्हणजे बोट दाखवायलाही दुसरे कोणी नाही!

त्या गावचे पुढे काय झाले, ते विचाराल. मोरचुदाची पोती एका संत्रेवाल्याने विकत घेतली. पहिल्या साली तळे पुन्हा हिरवे झाले. लोक आमच्यावर चिडले. आम्ही आधीच सांगितले होते, की गाळाचा कोठार रिकामा व्हायला वेळ लागतो. पण चिडलेल्या माणसाला आधी सांगितलेले आठवत नाही. यंदा हिरवेपणा आला तो वैशाख सरताना आला, आणि एका कोपऱ्यापुरता. नळाला अजून विहिरीचेच पाणी जोडलेले आहे. दोन घरे अजूनही ढोरे तळ्यातच धुतात. त्यांचे काय करावे, ते आम्हालाही अजून नीट सुचलेले नाही. त्यांच्या सोयरिकीतले कोणी इथे बसले असतील, तर त्यांनी सुचवावे.

बरं, ऊन आता कलले आहे. आपल्या तळ्याला एक फेरी मारून येऊ. बायांनीही चलावे, धुण्याचे दगड कुठे हलवायचे हे त्याच ठरवतील. एक लांब काठी घ्या, आणि कोणाच्या घरी काचेची रिकामी बाटली असेल, तर ती घेऊन या.